वाचकांचे प्रश्न: खाटेला पैसे आहेत, भाड्याला नाहीत

गेल्या महिन्यात बेघर निवाऱ्याबद्दल दोन ओळी लिहिल्या काय, पत्रांचा ढीगच आला. सगळी छापणं शक्य नाही, काही प्रश्न तर एकसारखेच होते म्हणून एकत्र केलेत. नावं कुणाचीच देत नाही, बऱ्याच जणांचं काम पालिकेतच अडलेलं आहे.

प्रश्न: आमच्या वस्तीस्तर संघात चौदा बचत गट आहेत. एसटी स्टँड ते रेल्वे स्टेशन रस्त्यावर खूप लोक झोपतात, त्यात बायका आणि पोरंपण. नगरपरिषदेच्या मॅडम म्हणाल्या निवारा केंद्र चालवायला संस्था पाहिजे, तुमचा संघ अर्ज करू शकतो. खरंच करता येतं का? सरकार किती देतं? अनुभव शून्य आहे पण इच्छा आहे. (संघाच्या अध्यक्षा, मराठवाडा)

ताई, करता येतं की. लोकांना वाटतं निवारा म्हणजे मोठ्या एनजीओचंच काम, पण २०१३ साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात 'नागरी बेघरांसाठी निवारा' हा भाग आला तेव्हाच्या मार्गदर्शक सूचनांत चालवणारी संस्था म्हणून बचत गटांचे संघ, युवक मंडळं, अगदी बेघरांनी स्वतः बांधलेल्या संघटनासुद्धा धरल्या होत्या. म्हणजे मॅडमनी उपकार केलेले नाहीत, तुमचा नंबर यादीत आधीपासून आहे.

आता पैशाचं. इमारत पालिकेची, नवी बांधायची नाहीतर जुनी शाळा, समाजमंदिर वगैरे दुरुस्त करून द्यायची. हिशोब असा की शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे निदान १०० माणसांची कायमची सोय, एका निवाऱ्यात ५० ते १००, आणि माणशी ५० चौरस फूट जागा. चोवीस तास, बारा महिने उघडं, फक्त थंडीत नाही. केंद्राचा वाटा सुरुवातीला ७५ टक्के होता, नंतर ६० झाला, उरलेला राज्याचा. आणि चालवायचा खर्च म्हणून ५० माणसांच्या निवाऱ्याला वर्षाला ६ लाख, तेही पाच वर्षांपर्यंत.

६ लाख ऐकून बैठकीत टाळ्या पडतात, म्हणून इथे थांबून वही काढा. ५० माणसं, ३६५ दिवस, म्हणजे माणशी दिवसाला ३३ रुपयेसुद्धा पूर्ण होत नाहीत. निवारा चोवीस तास उघडा म्हणजे तीन पाळ्या, तीन माणसं तरी पगारावर लागणारच, त्यांना महिना १२ हजार धरले तरी वर्षाचे ४ लाख ३२ हजार तिथेच गेले, उरले १ लाख ६८ हजार आणि त्यात लाईट बिल, फिनेल, चादरी, गाद्या, डोकं दुखलं तर गोळी, कुणाला रात्री दवाखान्यात न्यायचं तर रिक्षा, सगळं बसवायचं. जेवण यात धरूच नका. स्वयंपाकाला जागा द्यायची असं सूचनांत आहे, शिधा कोण देणार ते नाही. जवळ शिवभोजन केंद्र चालू असेल किंवा एखाद्या देवस्थानाचं अन्नदान असेल तर करार करायच्या आधीच त्यांच्याशी बोलून ठेवा, नंतर बोलायला गेलं की सगळ्यांना घाई असते.

आणि एक महत्त्वाचं. हे अभियान सप्टेंबर २०२४ अखेर संपलं. बरेच निवारे अजून चालू आहेत पण वरचे आकडे त्या अभियानातले आहेत, म्हणून मॅडमना लेखी विचारा की आज पैसा कुठल्या हेडमधून, म्हणजे बजेटच्या कुठल्या खात्यातून येणार, किती तारखेपर्यंतची मंजुरी आहे, आणि नंतर पालिका स्वतःच्या बजेटमधून देणार का. तोंडी "होईल हो" यावर तीन माणसांना नोकरीला ठेवू नका.

अर्ज करायच्या आधी मात्र एक काम करा, रात्रीची मोजणी. दिवसा नाही, रात्री अकरानंतर, पाच-सहा बायकांनी मिळून, सोबत वस्तीतली दोन पोरं. २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली, देशात १७ लाख ७३ हजार माणसं मिळाली, त्यातली साडेनऊ लाखांच्या आसपास शहरांत, महाराष्ट्रात दोन लाखांच्या वर. हा आकडा कमीच आहे असं या कामातले जवळपास सगळेच म्हणतात आणि का ते तुम्ही एकदा रात्री फिरलात की कळेल, एकटी बाई उजेडात झोपत नाही, ती दुकानाच्या मागे, बंद टपरीच्या आडोशाला, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात कुणाची तरी नातेवाईक असल्यासारखी बसून रात्र काढते. सरकारी माणूस रस्त्यावरून टॉर्च मारत गेला तर ती त्याला दिसणारच नाही, तुमच्या बायकांना दिसेल. ही यादी प्रपोजलला जोडा, त्यात कुटुंबं किती, एकट्या बायका किती, म्हातारे किती हे वेगवेगळं लिहा, कारण त्यावरच ठरतं की तुम्हाला पुरुषांचा निवारा हवाय की कुटुंबांचा. बऱ्याच ठिकाणी उलटं होतं, आधी हॉल ठरतो मग माणसं शोधतात.

व्यवस्थापन समिती बनवाल तेव्हा निवाऱ्यात राहणाऱ्या निदान दोघांना त्यात घ्या, आणि सहीपुरतं नको. गाद्या कधी आल्या आणि चादरी किती दिवसांनी धुतल्या हे त्यांच्याएवढं कुणालाच माहीत नसतं.

प्रश्न: आमच्या शहरात पालिकेचा निवारा आहे, अर्धा रिकामा असतो, आणि तिथून दहा मिनिटांवर पुलाखाली माणसं झोपलेली असतात. मग यांच्यावर जनतेचा पैसा कशाला? यांना रस्त्यावरच राहायची सवय झालेली असते. (निवृत्त बँक अधिकारी, पुणे)

काका, रिकाम्या खाटा हा प्रश्न खरा आहे, उत्तर मात्र सवय नाही.

पुलाखालच्या माणसाला एकदा विचारून बघा. नवरा-बायको असतील तर निवारा फक्त पुरुषांचा असतो, बायको कुठे ठेवायची? पहाटे मार्केट यार्डात हमालीला उभं राहायचं तर निवारा शहराच्या दुसऱ्या टोकाला. हातगाडी असेल, भंगाराची पोती असतील तर ती आत घेत नाहीत आणि बाहेर ठेवली की सकाळी नसतात. कुणी आधारकार्ड मागतं, खरं तर ओळखपत्र नाही म्हणून परत पाठवायचं नाही अशा सूचना आहेत, पण गेटवरच्या माणसाला त्या कोण सांगणार. दारू प्यायला असेल तर प्रवेश नाही, आता हा नियम मला समजतो, आत बायका-मुलं असतील तर पाहिजेच, पण मग दारू सोडवायला मदत मिळेल असा एक तरी निवारा शहरात वेगळा असायला हवा ना.

निवारे स्टेशन, बस डेपो, घाऊक बाजार अशा ठिकाणांजवळ असावेत असंच मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय, सामान ठेवायला लॉकरसुद्धा. पालिकेला जी जागा फुकट आणि विनातक्रार मिळते ती नेमकी गावाबाहेर असते, कारण स्टेशनजवळ निवारा म्हटलं की आसपासच्या सोसायट्या निवेदन घेऊन हजर. तुमच्यासारख्या माणसाने एकदा त्या निवेदनाविरुद्ध सही केली तर जनतेचा पैसा जास्त वाचेल, असं मला वाटतं. चिडू नका.

पैसा नीट वापरला गेला नाही ही तक्रार तशी जुनीच आहे आणि ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेलीये. २०१० मध्ये कोर्टाने शहरांत निवारे उभारायला सांगितलं, आणि कामच दिसेना म्हणून नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मिळालेला निधी कितीतरी ठिकाणी पडून होता. म्हणजे बेघरांवर जास्त खर्च झाला अशी बोंब मारायची वेळ अजून आलेली नाही.

प्रश्न: भिकाऱ्यांना उचलून नेण्याचा कायदा आहे ना, तो वापरला तर रस्ते मोकळे होतील. (वाचक, ठाणे)

कायदा आहे, १९५९ चा, मुंबई राज्याच्या काळातला. दिल्लीत त्यातली बरीचशी कलमं हायकोर्टाने २०१८ मध्ये रद्द केली. पण मूळ मुद्दा वेगळा आहे, रस्त्यावर झोपणारे बहुतेक लोक भीक मागत नाहीत, ते बिगारी, हमाल, केटरिंगला वाढपी, भंगार वेचणारे, धुणीभांडी करणाऱ्या बायका आहेत, तुमच्या घरच्या लग्नात ताटं उचलणारा माणूस रात्री कुठे झोपला हे तुम्हाला माहीत नसेल इतकंच. जे खरोखर भीक मागतात त्यांच्या पुनर्वसनासाठी केंद्राची स्माइल योजना आहे, २०२२ पासून. उचलून नेणं त्यात नाही.

प्रश्न: माझा चुलतभाऊ टोरांटोला आहे, तिथे बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत वीकेंडला जातो. तो म्हणतो तिकडे सरकार पैसे देतं पण कशावर खर्च करायचे ते स्थानिक लोक ठरवतात, आणि माणूस रस्त्यावर यायच्या आधीच मदत करतात. आपल्याकडे असं का नाही? आणि त्याला आमच्या ट्रस्टला देणगी पाठवायचीये, चालेल का? (ट्रस्टी, कोल्हापूर)

दोन प्रश्न आहेत, पहिला मोठा आहे.

भाऊ बोलतोय ती योजना 'रीचिंग होम', कॅनडाच्या केंद्र सरकारची, १ एप्रिल २०१९ पासून. तिची रचना बघण्यासारखी आहे. सरकार निवडक शहरांना पैसे देतं पण थेट प्रत्येक संस्थेला नाही. त्या शहरात एक जबाबदार संस्था असते, कधी महापालिका, कधी एखादी सामाजिक संस्था, ती केंद्राशी करार करते आणि पुढे पैसे वाटते. तिच्याबरोबर स्थानिक सल्लागार मंडळ असतं आणि कुठल्या प्रकल्पाला द्यायचं यात त्या मंडळाचं म्हणणं चालतं. तिथल्या मूळनिवासी समाजासाठी वेगळा प्रवाह, ग्रामीण आणि दुर्गम भागासाठी वेगळा, उत्तरेकडच्या प्रदेशांसाठी वेगळा. शहरातल्या बेघर माणसांची नावानिशी यादी ठेवायची, म्हणजे आज कोण नवीन आला, कोणाला घर मिळालं हे कळतं, आणि एकाच माणसाला दहा दारं फिरावं लागू नये म्हणून सगळ्या संस्थांनी एकाच रांगेतून लोकांना घर द्यायचं. तिथे सगळं सुरळीत आहे असं समजू नका हं, तिकडेही तंबूंच्या वस्त्या वाढल्यात, कारण भाडीच इतकी वाढलीत की योजना धावत मागे पडते. पण प्रतिबंध हा खर्चाचा मान्य प्रकार आहे, भाडं थकलेल्या कुटुंबाला मदत करणं हे तिथे योजनेत बसतं.

इंग्लंडमध्ये तर कायदाच आहे, २०१७ चा, एप्रिल २०१८ पासून लागू. पुढच्या ५६ दिवसांत घर जाणार असं दिसत असेल तर कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, त्या माणसाला मदत करायचीच. घर गेल्यावर नाही, जायच्या आधी.

आपल्याकडे नेमकं इथेच घोडं अडतं. योजनेचा पैसा खाटेला आहे. माणूस फुटपाथवर आला, मोजला गेला, निवाऱ्यात झोपला, की त्याच्या नावाने पैसे निघतात. त्याच माणसाचं तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं तेव्हा कुठल्याच हेडमध्ये काही नव्हतं. तीन महिन्यांचं भाडं म्हणजे दहा-बारा हजार, वरच्या ६ लाखांच्या हिशोबाने एका खाटेचा वर्षाचा चालवायचा सरकारी खर्चही बारा हजारच. मला विचाराल तर बेघर धोरणातली सगळ्यात मोठी चूक ही आहे, आणि निवाऱ्यांची संख्या वाढवून ती सुधारत नाही.

पण "आपल्याकडे काहीच नाही" असंही नाही. प्रतिबंधाचा पैसा आणि अधिकार वेगवेगळ्या खात्यांत वेगवेगळ्या नावांनी पडलेत, कुणी त्याला बेघरपणाशी जोडत नाही एवढंच. बालगृहातला मुलगा अठराचा झाला की बाहेर पडतो, हा फुटपाथवर यायचा अगदी सरळ रस्ता आहे. बाल न्याय कायद्यात त्याला २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरच्या आधाराची सोय आहे, केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालकांच्या योजनेत त्यासाठी महिन्याला ४,००० रुपये आहेत. मुलांनी घर नावावर करून घेतलं आणि आईला बाहेर काढलं, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. सांभाळायच्या अटीवर दिलेलं घर असेल आणि सांभाळलं नाही तर ते हस्तांतरण रद्दसुद्धा होऊ शकतं. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईला मदतीसाठी सरकारी सखी केंद्र आहे, राहायला शक्ती सदन आहे. मनोरुग्णालयातून बरी झालेली व्यक्ती घरचे नेत नाहीत म्हणून तिथेच अडकून पडते किंवा बाहेर पडली की रस्त्यावर येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तिला समाजात राहायचा अधिकार दिलाय, आणि त्यासाठी हाफवे होमसारख्या (हॉस्पिटल आणि घर यांच्या मधला मुक्काम) सोयी करणं सरकारवर आहे. तुमच्या ट्रस्टला पैसे कमी असतील तर एक माणूस पगारावर ठेवा ज्याचं कामच हे, बालगृह, सिव्हिल हॉस्पिटल, जेल, प्रांत ऑफिस इथे दर आठवड्याला फिरायचं आणि कोण बाहेर पडणारे त्याची यादी आणायची. पन्नास खाटांच्या हॉलपेक्षा हा एक माणूस जास्त लोकांना वाचवेल.

आणि स्थानिक लोकांनी ठरवायचं म्हणाल तर ती गोष्ट कॅनडाकडून शिकायची गरज नाही. मुंबईत १९८५ मध्ये, सुप्रीम कोर्टात फुटपाथवासीयांना हटवण्याबद्दलच्या ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल आला त्याच वर्षी, फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबांची मोजणी त्या लोकांना सोबत घेऊन झाली, स्पार्क संस्थेने केली. कोर्टाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण नोटीस देऊन फुटपाथ रिकामे करायला परवानगीही दिली. त्यानंतर भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी महिला मिलन सुरू केलं, रोजची थोडी थोडी बचत गोळा करत, आणि आपलं घर कसं असावं हे त्यांनीच मापं घेऊन ठरवलं. मानखुर्दची मिलन नगर ही वसाहत त्यातूनच उभी राहिली. सरकारी निधी नंतर आला, यादी आणि बचत आधी होती. आजच्या योजनांत हा क्रम उलटा झालाय.

आता देणगी. भावाकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर त्याचा पैसा परदेशी देणगी धरत नाहीत, पासपोर्टची कॉपी घेऊन ठेवा आणि पावती द्या. पण कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी, ती परदेशी देणगीच. मग एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी पाहिजे, पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. "भाऊच आहे हो" हे कारण चालत नाही.

प्रश्न: आम्ही निवारा चालवतो. पालिकेकडून हप्ता वेळेवर येत नाही, दरवेळी काहीतरी कागद कमी निघतो. काय करायचं? (खजिनदार)

शहराचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत ते बरं केलंत, सगळ्यांना आपलंच वाटेल.

सहा महिन्यांचा पगार हातात असल्याशिवाय निवारा घ्यायचाच नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. तुम्ही घेऊन बसलात तर आता कागद असे ठेवा की समोरच्याला बोट ठेवायला जागा राहू नये. हजेरी वही रोजची, रात्री दहाची आणि पहाटेची वेगळी, खाडाखोड असेल तर शेजारी सही. मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला, महिना संपायच्या आत, सीएची सही लागत असेल तर सीएला आधीच गाठा, मार्चमध्ये तो फोन उचलत नाही. प्रत्येक पत्राची पोच घ्या, आवक क्रमांकासह. तीन पत्रांनंतर उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात विचारा की हप्त्याची फाईल कुठल्या टेबलावर किती दिवस होती. आवाज चढवण्यापेक्षा याचा परिणाम लवकर होतो.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामाचा पैसा घ्यायचा तर कंपनीला पगार मागू नका, देत नाहीत. गाद्या, वॉटर फिल्टर, सोलर, लॉकर मागा. सीएसआर-१ नोंदणी आणि आयकराच्या १२ए, ८०जी नोंदण्या तयार हव्यातच, नाहीतर ते पहिल्या ईमेललाच विषय बंद करतात. आणि हप्ता उशिरा आला म्हणून राहणाऱ्यांकडून जबरदस्तीने पैसे घ्यायचे नाहीत, कमावणाऱ्याकडून थोडी फी घ्यायला हरकत नसते पण ज्याच्याकडे काहीच नाही त्याला मोफतच.

प्रश्न: निवाऱ्यातल्या लोकांना मतदार यादीत नाव घालता येईल का? पत्त्याचा पुरावा कुणाकडेच नाही. (समुदाय संघटक, विदर्भ)

येईल. नवीन नाव नोंदवायचा फॉर्म ६ भरायचा. बेघर माणसाकडे पत्त्याचा पुरावा मागायचा नाही असं निवडणूक आयोगाच्या सूचनांत आहे, त्याऐवजी फॉर्मवर जी जागा लिहिली तिथे बीएलओने, म्हणजे त्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या सरकारी माणसाने, रात्री जाऊन बघायचं की माणूस खरंच तिथे झोपतो का, आणि एका रात्रीवर ठरवायचं नाही, एकापेक्षा जास्त वेळा जायचं. म्हणून फॉर्मवर निवाऱ्याचा पत्ता अचूक लिहा, जो पुलाखालीच झोपतो त्याच्यासाठी पुलाचं नाव, खांब नंबर, समोरचं दुकान असं लिहा, आणि बीएलओ कोण ते आधी शोधून तुमचा नंबर देऊन ठेवा, म्हणजे तो आला की तुम्ही सोबत जाल. केटरिंगवाले लग्नसराईत रात्री दोनला येतात, तेवढं त्याला सांगून ठेवा.